ढगांच्या विमानाचं उद्घाटन

ढगांचा अभ्यास करणाऱ्या एका विमानाच्या पंख्याला बांधलेला लाल पट्टा मी उद्घाटनाची फीत समजून कात्रीने कापला.

आता हे वाक्य मी न अडखळता म्हणतो. सुरुवातीला "जरा गैरसमज झाला" इथून सुरू करून, डोळ्यांवर आलेलं ऊन, आयोजकांच्या अर्धवट सूचना अशी वळणं घेत घेत कापण्यापर्यंत यायचो. पण जेद्दातल्या मराठी मंडळात माणसं मोजकी आणि जेवणावळी भरपूर. मी पहिल्या वळणावर असतानाच कोणीतरी पुऱ्या लाटता लाटता शेवट सांगून मोकळं व्हायचं. तेव्हा आता सरळ सांगतो.

मी मूळचा नाशिकचा. इथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात दाब आणि क्षार मोजणारी उपकरणं सांभाळतो. म्हणजे दिवसभर 'हात लावू नका' अशा पाट्या लावत हिंडतो. हे मुद्दाम आधीच सांगतोय, कारण मी लपवलं तर बायको सांगेल. सुट्टीच्या दिवशी मी मंडळाचा कार्यक्रमप्रमुख असतो. या पदावर मला कोणी निवडलेलं नाही. एका कोजागरीला माईक माझ्या हातात आला आणि तो परत घ्यायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच.

कार्यक्रम म्हटला की माझ्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला आहे. समई, फीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मुख्य भाषण, आभार. परदेशात आलो म्हणून त्यातलं काही गाळायचं, हे मला पटत नाही. हॉलवाले ज्योत पेटवू देत नाहीत म्हणून आम्ही बॅटरीवरची समई आणली. प्रमुख पाहुणे गंभीरपणे तिचं बटण दाबतात. फीत कापायची कात्रीही मंडळाची स्वतःची आहे. तिच्या मुठीला माझ्या बायकोने लाल साटीन गुंडाळून वर मोत्यांची दुपदरी माळ घट्ट विणून बसवलेली आहे. ही कात्री आमच्याकडे तबकातून येते.

मंडळाच्या युवा शाखेची वर्षाची सहल ठरवायची होती. युवा शाखा म्हणजे आमचीच मुलं, इथल्या भारतीय शाळेत शिकणारी, मराठीत विचारलं की हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देणारी. त्यांना बोलिंगला जायचं होतं. त्यातली एक मुलगी मात्र म्हणाली, "अंकल, तायफला वर ते क्लाउड रिसर्चचं प्लेन असतं. ते दाखवाल?"

ही माझ्या मित्राची मुलगी, बारावी नुकतीच संपवलेली. मित्र रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. जेद्दाच्या शराफिया बाजारात त्याचं बॅगा आणि ब्लँकेटांचं दुकान आहे. सुट्टीवर निघालेला माणूस त्याच्या दुकानात रिकाम्या हाताने शिरतो आणि तीन बॅगा घेऊन बाहेर पडतो. माझी त्याची ओळख अशीच एका बॅगेच्या चाकावरून भांडताना झाली आणि मग घरोबा झाला. तो मला 'नाशिककर' म्हणतो, माझ्या बायकोला 'भाभी', आणि ती त्याला 'भाई'. त्याच्या घरची बिर्याणी आणि आमच्याकडची पुरणपोळी यांची अदलाबदल ठरलेली.

त्याच्या मुलीला ढगांचं वेड. जेद्दात पाऊस वर्षातून दोन-चारदा पडतो, आणि या पोरीने गच्चीवर पाऊस मोजायची बाटली बांधून ठेवली होती. तिला हवामानाचं शास्त्र शिकायचं होतं. मित्राच्या मनात वेगळं होतं. रत्नागिरीला फार्मसीची जागा त्याच्या भावाने बोलून ठेवली होती. शिकून झालं की गावात मेडिकलचं दुकान. गाळा बघून झाला होता, गावभर सांगूनही झालं होतं. भावाला रविवारी फोन करून हो म्हणायचं, की संपलं.

घरात यावरून महिनाभर बोलणं बंद होतं. म्हणजे मुलगी बोलत नव्हती. बाप दोघांच्या वाटचं बोलत होता.

मी मध्यस्थी करायला गेलो. "अरे, एकदा त्या शास्त्राच्या माणसांना भेट तरी," म्हटलं.

"भेटून काय करू? ढगाचा धंदा तो. आला तर आला, नाय तर नाय."

पण त्या रात्री जेवताना तो स्वतःहूनच म्हणाला, "तिथं कोणी बाई हाय का? असेल तर मी येतंय. तिलाच विचारीन. ती म्हणाली की पोरीच्या जातीला यात दिवस काढता येतात, तर मी भावाला नाय सांगीन. नाय म्हणाली, तर पोरीनं गुमान फार्मसी करायची. कबूल?"

मुलीने मान हलवली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "ती भेट मी घडवून आणतो. बोलणंही मीच सुरू करून देईन. असल्या गोष्टीला प्रास्ताविक लागतं."

आमच्या कारखान्याला दाबमापक पुरवणारा एक विक्रेता त्या विमानालाही काही उपकरणं पुरवायचा. त्याच्या ओळखीने मी तिथल्या समन्वयकाशी पत्रव्यवहार केला. एक तासाची भेट मिळाली, शनिवारी सकाळची. विमान, मग अर्धा तास तिथल्या हवामानशास्त्रज्ञांशी गप्पा. आणि हो, शास्त्रज्ञ बाईच होत्या. मी उलट टपाली कार्यक्रमपत्रिका पाठवली आणि खाली विनंती केली की योग्य ठिकाणी फितीची व्यवस्था व्हावी. त्याने कळवलं, सगळं तयार असेल. आता मला वाटतं की त्याने ती पत्रिका उघडलीच नसावी.

शनिवारी पहाटे बस निघाली. बसमध्ये आम्ही सगळ्या धर्मांचे, त्यामुळे मक्केची हद्द टाळून बाहेरचा रस्ता घेतला. तायफला चढणाऱ्या हदाच्या घाटात माकडं गाड्यांच्या टपावर बसून केळी सोलत होती आणि मुलं मागच्या सीटवर गाणी लावून बसली होती. मित्र खिडकीशी बसला होता. मुलगी त्याच्यापासून दोन ओळी सोडून पुढे. मी माझ्या भाषणाचे कागद काढून पुन्हा एकदा वाचले. भाषण मोठं होतं. त्यात ढग होते, शेती होती, नाशिकची द्राक्षं होती, आखाती देशांतली मराठी माणसं होती, आणि शेवटी तरुण पिढीला हाक होती.

"किती पानं?" बायकोने विचारलं.

"छोटंच आहे."

"अहो, तिथे एकच तास आहे. भाईंना त्या बाईंशी बोलायचंय."

"त्याचीच पार्श्वभूमी तयार करतोय मी."

तिने कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखं बघितलं.

फाटकावर सगळ्यांचे फोन जमा करून घेतले. याबद्दल मी त्या पहारेकऱ्याचा आजन्म ऋणी आहे, कारण पुढे जे घडलं त्याचं चित्रण कोणाकडेही नाही. मग पिशव्या तपासणीच्या पट्ट्यावर गेल्या. माझी पिशवी अडकली. पहारेकऱ्याने श्रीफळ बाहेर काढलं, कानाशी हलवलं, परत यंत्रातून घातलं, परत हलवलं. मित्र पुढे झाला आणि अरबीत म्हणाला की हा हिंदचा अक्रोड. अरबीत नारळाला तसंच म्हणतात. मग पहारेकऱ्याने मोत्यांची कात्री उचलली, साटीनवरून बोट फिरवलं, हसला आणि परत पिशवीत ठेवली. त्याला ती बायकांच्या शृंगारातली वस्तू वाटली असावी. पंचवीस वर्षं उपकरणांत घालवलेला मी तिथे उभा होतो. विमानांच्या आवारात कात्री नेऊ नये असं माझ्याही मनात आलं नाही.

विमान हँगरच्या बाहेर फरशीवर उभं होतं. मुलांची थोडी निराशा झाली, कारण त्यांना वाटलं होतं मोठं असेल. दोन पंख्यांचं, दहा-बारा माणसांचं. पण पंखांच्या मागच्या कडेला नळकांड्यांच्या रांगा होत्या, नाकातून एक लांब सोंड पुढे आलेली आणि पंखाच्या टोकाला कसलीशी डबडी टांगलेली.

शास्त्रज्ञ बाई तिशीच्या असतील. काळा पायघोळ अबाया, वर विमानतळावरचे लोक घालतात तो पिवळा झगझगीत बिनबाह्यांचा कोट, पायात जाड बूट. सौदीच्या दक्षिण टोकाच्या, जिझानकडच्या होत्या. त्यांनी इंग्रजीत झटपट सांगितलं, की हे विमान वाढत्या ढगाच्या बुडाखालून, जिथे हवा वर उसळते तिथून जातं, त्या नळकांड्यांतून क्षारांचा धूर सोडतं, आणि टोकाच्या डबड्यांनी ढगातले थेंब मोजतं. पाऊस त्याने किती वाढतो हे तपासणं हेच त्यांचं काम.

एका मुलाने विचारलं, "मॅम, डू यू गो इनसाइड द स्टॉर्म?"

"घुसत नाही. कडेकडेने जातो. आत शिरायला पायलट तयार नसतात," त्या म्हणाल्या, आणि बाजूचा पांढऱ्या मिशांचा पायलट म्हणाला, "बरोबर."

इथे मी सूत्रं हातात घेतली. मंडळाची ओळख करून दिली. बायकोने बाईंच्या खांद्यावर शाल पांघरली. बाईंनी ती उन्हात काही क्षण सोसली आणि नीट घडी करून हातावर घेतली. श्रीफळ पायलटला दिलं. त्याने ते पहारेकऱ्यासारखंच कानाशी हलवलं आणि कसं उघडायचं विचारलं. मित्र माझ्या मागे उभा राहून कुजबुजला, "नाशिककर, वेळ बघ."

"फीत झाली की लगेच तुझंच," मी म्हटलं.

तेवढ्यात बाईंना आतून फोनसाठी बोलावणं आलं आणि त्या गेल्या. मी इकडेतिकडे बघितलं, फीत कुठे बांधलीय ते. आणि ती समोरच होती. पंख्याच्या एका पात्यापासून इंजिनाच्या तोंडावरच्या झाकणापर्यंत ताणून बांधलेली, लाल भडक, वर एक लाल शेपूट वाऱ्यावर फडफडतंय. फितीवर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. आमच्याकडेही फितीवर प्रायोजकाचं नाव असतंच. मला समन्वयकाचं कौतुक वाटलं. प्रत्यक्ष विमानालाच बांधली, म्हटलं, याला म्हणतात कल्पकता.

प्रमुख पाहुण्या फोनवर. पायलट नारळात गुंतलेला. वेळ तर जात होता, आणि मित्राला घाई. मी तबकातून कात्री उचलली, दोन शब्द बोललो आणि कापायला घेतली.

फीत कापेना. जाड विणीची होती. नायलॉनची असणार. इथे कोणताही शहाणा माणूस थांबला असता. मी मुलांकडे बघून हसलो, दोन्ही हातांनी मूठ दाबली आणि करवतीसारखी कात्री चालवली. पट्टा तुटला. त्या झटक्यात मुठीवरची मोत्यांची माळही तुटली. मोती उसळून फरशीवर पडले आणि टपटप आवाज करत विमानाखाली, पंख्याखाली, चाकांकडे, जिकडे वाट मिळेल तिकडे धावले.

सवयीने काही मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हँगरमधून एक आडव्या बांध्याचा माणूस आला. विमानाची निगा राखणाऱ्या तुकडीचा तो प्रमुख, दाढीवाला. लोंबणाऱ्या पट्ट्याकडे त्याने बघितलं, मग फरशीकडे, मग आमच्याकडे.

"हे कोणी केलं?"

हातात कात्री असली की या प्रश्नाला फारसे पर्याय उरत नाहीत.

त्याने आवाज चढवला नाही. वाऱ्याने पंखा आपोआप फिरू नये म्हणून तो पट्टा बांधलेला असतो आणि तो त्याच्याकडे आणखी आहे, असं म्हणाला. त्याला चिंता मोत्यांची होती. पंखा फिरायला लागला की खालचा खडासुद्धा वर ओढून घेतो, पात्याला टवका पाडतो, इंजिनात गेला तर आणखी वाईट. शेवटचा मोती हातात येईपर्यंत हे विमान सुरू होणार नाही. "किती मोती होते?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मोजून कोण ओवतं? मुठीला दोन वेढे बसतील इतके."

एवढ्यात बाई आतून लगबगीने आल्या. पश्चिमेच्या कड्यावर ढग उभा राहत होता, चांगला, सरळ वर चढणारा. विमान लवकरात लवकर सुटायला हवं होतं. गप्पांचा अर्धा तास रद्द. त्यांनी तसं आम्हाला सांगितलं, माफीही मागितली, मग फरशीकडे बघितलं.

मी मित्राच्या मुलीकडे बघितलं. ती रडत नव्हती. बापाकडे बघत होती, आणि बाप घड्याळाकडे. त्याच्या चेहऱ्यावर मला रविवारचा फोन दिसला.

मी तोंड उघडलं. म्हणायचं होतं, की मॅडम, दोन मिनिटं, ही मुलगी फार हुशार आहे. कागदही खिशातून अर्धे बाहेर आले होते. दाढीवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला चालवत आग विझवायच्या लाल टाकीपाशी नेलं आणि म्हणाला, "इथे उभे राहा. हलू नका. काही बोलू नका, मला माणसं मोजायची आहेत."

आणि मी उभा राहिलो.

मग त्याने सगळ्यांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं केलं. मुलं, पायलट, तांत्रिक कामगार, सगळे. मान खाली घालून सावकाश पुढे चालायचं, दिसलं की उचलायचं आणि तबकात टाकायचं. विमानतळांवर ही नेहमीची पद्धत आहे म्हणे. बाईही ओळीत शिरल्या, आणि योगायोगाने त्यांना जागा मिळाली ती मित्राच्या आणि त्याच्या मुलीच्या मधे.

मी लांबून बघत होतो. ऐकू काही येत नव्हतं. पुढचं सगळं मुलीने नंतर सांगितलेलं; इथेच वाढल्यामुळे तिला अरबी कळतं.

मित्राने आधी आपल्या मित्राबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, अरबीत माफी मागितली. त्याचं अरबी दुकानातलं, पण पक्कं. बाईंना बरं वाटलं असावं, कारण सकाळपासून त्या आमच्याशी इंग्रजीत जपून बोलत होत्या. मग खाली बघत, एक मोती उचलत त्याने विचारलं, "यात पोट भरतं का?"

"भरतं," बाई म्हणाल्या. "पण जास्त करून वाट बघण्याचा पगार असतो. पुष्कळ दिवस ढग येतच नाही."

"मग तेव्हा काय करता?"

"आला नाही असं लिहिते."

"गिऱ्हाईक आलं नाही की मी पण तेच करतो. लिहीत नाही एवढंच."

बाई हसल्या. दोन पावलं गेल्यावर त्याने पुढचं विचारलं. "तुमच्या वडिलांनी कसं सोडलं?"

"सोडलं कुठे? दर आठवड्याला विचारतात, परत कधी येणार. मी सांगते, पुढच्या आठवड्यात. चौथं वर्ष आहे."

"रागावतात?"

"रागावतात. आणि गावात कोणाच्या लग्नाची तारीख ठरायची असली की पाऊस येईल का ते विचारायला मलाच फोन करतात."

तेवढ्यात मिशीवाला पायलट मागून आला आणि त्याने बाईंना विचारलं, दक्षिणेकडून शिरायचं की उत्तरेकडून. बाईंनी हातातल्या टॅबवर रडारचं चित्र बघितलं, दक्षिणेकडून म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि गेला. त्याच्या मिशा पांढऱ्या, ही त्याच्या मुलीच्या वयाची.

मित्र चालायचा थांबला. "इथं 'यल्ला, निघा' असं कोण म्हणतं?"

"विमान उडण्याजोगं आहे का, ते तो दाढीवाला सांगतो. उडवायचं का, ते पायलट," बाई म्हणाल्या. "कुठल्या ढगाकडे आणि कधी, ते मी."

 मुलगी म्हणते की महिनाभरात पहिल्यांदाच अब्बांनी तिच्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "तुला काय विचारायचं असेल तर विचार की. बाई मोकळ्या हायत आता."

ती सुटलीच. ओळ विमानाखालून पार होऊन परत फिरली तरी तिचे प्रश्न चालूच. ढगाचं बूड सपाट का असतं, एकाच ढगाच्या बाजूचा दुसरा का विरतो, आधी कुठला विषय घ्यायचा. बाई मोती उचलता उचलता उत्तरं देत होत्या आणि मित्र मधे न बोलता दोघींच्या पाठोपाठ तबक धरून चालत होता.

इकडे मोती तबकात जमले, पण पुरे झाले हे ठरवायचं कसं? ते माझ्या बायकोने ठरवलं. तिने पायलटच्या खोलीतून शिवणाचा दोरा मागवला, फरशीवर मांडी ठोकली आणि कात्रीच्या मुठीला दोन वेढे मोजून, गाठ मारून मोती ओवायला घेतले. दाढीवाला गुडघ्यांवर हात ठेवून तिच्यासमोर वाकून बघत राहिला. माळ पुरी भरली, की विमान मोकळं. माळ भरत आली आणि शेवटी एका मोत्याची जागा रिकामी राहिली.

परत ओळ. परत चाकांखाली, झाकणांत, पट्ट्याच्या घडीत. ढग कड्यावर वाढत होता, इथूनही दिसायला लागला होता. दाढीवाल्याने घाम पुसला. मग मित्राची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली, "अंकल, तुमच्या पँटच्या दुमडीत."

मी हललो नव्हतो, बोललो नव्हतो. दिलेली सूचना आयुष्यात पहिल्यांदा तंतोतंत पाळली होती, आणि मोती माझ्याकडे होता.

दाढीवाल्याने माळ बघितली, अंगठा वर केला. पंखे फिरले, विमान छोटंसं धावून वर गेलं आणि पश्चिमेकडे वळलं. आमची वेळ केव्हाच संपली होती. पण बाईंनी जाता जाता मित्राला अरबीत सांगितलं, मुलीला रडारच्या खोलीत यायचं असेल तर तुम्ही दोघं या, बाकीच्यांना जागा नाही. ते दोघं आत गेले. आम्ही बाहेर सावलीत बसून डबे उघडले. मुलांनी मोत्यांच्या गोष्टीवर इतकं हसून घेतलं की बोलिंगची आठवण कोणी काढली नाही. मी पायलटच्या खोलीच्या दारात ठेवलेला नारळ फोडून दिला, दाराच्या लोखंडी उंबऱ्यावर, आणि त्या तांत्रिक कामगारांनी तो चवीने खाल्ला. माझ्या हातून त्या दिवशी नीट झालेलं एवढंच काम.

त्या ढगातून पाऊस पडला की नाही, मला माहीत नाही. आमच्यावर तरी नाही पडला.

परतीच्या बसमध्ये बापलेक एका सीटवर होते. घाट उतरताना रेंज आली तसा मित्राने रविवारची वाट न बघता भावाला फोन लावला. त्याचा आवाज दुकानामुळे मोठाच. सगळ्या बसने ऐकलं. "नाय, फार्मसी नको... नाय रे, नापास नाय झाली. ती दुसरा शिकतंय. आधी फिजिक्स करावा लागतो म्हणे, पुण्याला बघतो... गाळा? गाळा तू घे... लोक काय म्हणतील? त्यांना म्हण, पोरगी सांगेल तेव्हा पाऊस पडंल, मग बोला."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हसताना हलतात तसे हलत होते. बायकोने पिशवीतून उरलेले लाडू काढून पुढे पाठवले आणि बसमध्ये एकंदर लग्न ठरल्यासारखं वातावरण झालं.

मी जागेवरून उठलो. इतक्या चांगल्या दिवसाचा समारोप कोणीतरी करायला हवा होता. शिवाय भाषणाचे कागद तसेच खिशात होते. मी बसचा दांडा धरला आणि म्हटलं, की मित्रहो, माणसाच्या चुकीतही कधी कधी दैवाची योजना असते. आज मी ती फीत कापली नसती, तर मोती सांडले नसते. मोती सांडले नसते, तर बाई आणि आमचे मित्र शेजारी शेजारी चालले नसते...

"नाशिककर," मित्र लाडू खात म्हणाला, "तू कापलीस म्हणून नाय झाला काम. तुला त्यांनी गप उभा केला म्हणून झाला."